सात दिवसांचे मालक

मालक नावाच्या माणसाशी भांडण्यात धर्माजी शेवकरींची उभी हयात गेली. भोसरीच्या गिअर कारखान्यात ते युनियनचे सेक्रेटरी होते. संप, घेराव, टाळेबंदी, सगळं करून झालं होतं. निवृत्त होऊन चाकणजवळ कुरुळीच्या घरी बसल्यावर भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. अशातच त्यांना कळलं, की आपला पोरगाच मालक झालाय.

कशाचा, तर कामशेतच्या पुढं डोंगरात ‘सह्यविहार’ नावाचं रिसॉर्ट होतं, तिथल्या एका खोलीचा. तोही वर्षातले सात दिवस. समाधान हिंजवडीत आयटीत होता, राहायला पुनावळ्यात. लग्नानंतर एकदा मॉलमध्ये कुणीतरी त्याला आणि पुनमला फुकट जेवणाचं कूपन दिलं, एका थंडगार हॉलमध्ये अर्धा दिवस बसवून घेतलं, आणि बाहेर पडले तेव्हा दोघं पंचवीस वर्षांसाठी मालक झाले होते. तेव्हापासून दर वर्षी देखभालीचे पैसे भरायचे, दिवाळीतला आठवडा मिळाला नाही म्हणून फोनवर वाद घालायचा आणि शेवटी भर जुलैत जाऊन खिडकीतून धुकं बघत बसायचं, असा त्यांच्या मालकीचा थाट होता.

“बाकीच्या दिवशी त्या खोलीचा मालक कोन?” धर्माजींनी एकदा विचारलं.

“दुसरे मालक, आबा. प्रत्येकाचा आठवडा वेगळा.”

“एका खोलीला पन्नास बिऱ्हाडं? आरं, आमच्या कामगार चाळीत बी एवढी दाटी नव्हती.”

समाधान हसला नाही. या विषयावर त्याला हसू येत नसे.

आता नवीनच प्रकरण उपटलं होतं. रिसॉर्टला लागूनच त्याच कंपनीची ‘जल्लोषनगरी’ होती. पाळणे, घसरगुंड्या, लाटांचा तलाव आणि गेटाबाहेर सिमेंटचा हत्ती. खोली विकताना एजंटनं सगळ्यांना सांगितलं होतं, मालकांना जल्लोषनगरीचं तिकीट कायम निम्म्यात. दोनेक वर्षं ते मिळालंही. मग नवं मॅनेजमेंट आलं आणि म्हणालं, असं कुठं लिहिलंय? कुठंच लिहिलेलं नव्हतं. मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. तक्रारी झाल्या, ईमेल झाले, उत्तर आलं नाही. तेव्हा चाकणला गाळे बांधून भाड्यानं देणाऱ्या आणि सह्यविहारमध्ये एक सोडून तीन आठवडे घेऊन बसलेल्या दादासाहेबांनी जाहीर केलं, की आता आंदोलन. पण आंदोलन करतात कसं, हे एवढ्या शिकलेल्या ग्रुपात कुणालाच ठाऊक नव्हतं. समाधाननं लिहिलं, आमचे वडील आहेत.

“मी न्हाई येनार,” धर्माजी म्हणाले. “कामगार मागतो ते कामाचं. तुमी काय म्हनून मागनार? फसलो, म्हनून सवलत द्या?”

“शब्द दिला होता त्यांनी, आबा. तुमचा बोनस तरी कुठं लिहिलेला असायचा? तुम्ही मागायचात तेव्हा मालकसुद्धा हेच म्हणायचा ना, की कशाबद्दल देऊ?”

धर्माजींना हे लागलं. पोरगं आपलंच हत्यार आपल्यावर चालवतंय, हे त्यांना आवडलंही आणि नाहीही. आतून तानाबाई म्हणाल्या, “जावा की. घरात बसून साऱ्या गावाला नावं ठेवन्यापरीस तितं जाऊन ठेवा.” आणि खरं सांगायचं तर कुणी बोलावून नेईल असं धर्माजींना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी कपाटातला खादीचा सदरा काढून इस्त्रीला दिला.

पुनावळ्याच्या सोसायटीत क्लबहाउसमध्ये बैठक झाली. धर्माजींनी आयुष्यात खूप बैठका पाहिल्या होत्या, पण जिच्यात पहिला प्रश्न पार्किंगचा निघाला अशी ही पहिलीच. दुसरा प्रश्न, आंदोलन रविवारी नाश्त्यानंतर ठेवता येईल का. तिसरा, घोषणा इंग्रजीत चालतील का, कारण मुलांना मराठी वाचायला जड जातं. टी-शर्टच्या रंगावर तर इतका वेळ चर्चा चालली, की तेवढ्यात धर्माजींनी जुन्या काळी अख्खा पगारवाढीचा करार उरकला असता. एक बाई सारख्या म्हणत होत्या, “आपण गिऱ्हाईक नाही, आपण मालक आहोत, हे त्यांच्या डोक्यात गेलं पाहिजे.”

धर्माजींना राहवलं नाही. “बाई, मालक असाल तर सवलत कुनाला मागताय? सोताला?”

मग दादासाहेबांनी खुर्चीतूनच हात जोडले. “आबा, तुमी फकस्त सांगा काय करायचं. आमी करतो.”

“सोपं हाय,” धर्माजी म्हणाले. “गेटाच्या भाईर बसायचं. आत पाय ठेवायचा न्हाई. त्यांचं पानीसुद्धा प्यायचं न्हाई. आन् बोलनी करायची ती गेटावर, सगळ्यांच्या देखत.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, बाटलीबंद पाणी स्वतः आणलं तर चालेल ना.

रविवारी जल्लोषनगरीच्या गेटसमोर गाड्यांची रांग लागली. नारिंगी टी-शर्ट घातलेले मालक सहकुटुंब उतरले. छातीवर ‘हक्काची सवलत’ असं छापलेलं, डोळ्यांवर गॉगल. पोहायच्या कपड्यांच्या पिशव्या बऱ्याच गाड्यांत दिसत होत्या. धर्माजींनी विचारलं तर उत्तर मिळालं, “असू द्या आपल्या, आबा. मिटलंच तर?” तानाबाई नऊवारी सावरत उतरल्या. गुडघे दुखतात म्हणून घरीच थांब असं धर्माजींनी बजावलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. भोसरीच्या प्रत्येक संपात त्या भाकरी घेऊन गेटावर येत, नवऱ्याशेजारी बसत. आजही त्या सतरंजीवर शेजारी बसल्या, तेव्हा धर्माजींना बरं वाटलं.

त्यांनी घोषणा दिली. आवाज पूर्वीसारखा लागला नाही, तरी लागला. मागून आलेला प्रतिसाद मात्र वाढदिवसाच्या गाण्यासारखा होता. निम्मे लोक घोषणा द्यायच्या ऐवजी स्वतःला घोषणा देताना चित्रित करत होते.

शेजारच्या रांगेत तिकिटाला उभी असलेली एक बाई, कडेवर पोर आणि नवऱ्याच्या गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र, कंटाळून म्हणाली, “काय मागायलेत हे लोक?”

“तिकीट निम्म्यात पाहिजे म्हणं,” नवरा म्हणाला. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला.

“का बरं? गरीब हायेत का?”

नवऱ्यानं गाड्यांकडं पाहिलं आणि पोराची टोपी नीट केली. धर्माजींनी ते ऐकलं आणि पुढची घोषणा द्यायला त्यांना जरा उशीर झाला.

तासाभरानं मॅनेजर बाहेर आल्या. विजयश्री नाव, वय तिशीच्या आत, बोलणं लोण्यासारखं. पाठोपाठ दोन माणसं ताकाचे ग्लास घेऊन. “एवढ्या उन्हात आपण बसलाय, आम्हालाच वाईट वाटतं.”

“कुनी घेऊ नका,” धर्माजी मागं न वळता म्हणाले. वळून बघितलं तेव्हा पार रिकामे झालेले ग्लास परत ट्रेमध्ये चालले होते.

विजयश्री हसून म्हणाल्या, “सवलतीचं आम्ही वरती कळवलंय. पाच जणांनी आत येऊन बोलावं. आणि तोवर बाकीच्यांनी ताटकळत बसू नये म्हणून आज सर्व मालकांना, कुटुंबासकट, प्रवेश मोफत.” त्यांच्या हातात मनगटाला बांधायच्या पिवळ्या पट्ट्यांचा गठ्ठा होता.

“पट्टी बांधली त्यो आंदोलनातून गेला!” धर्माजी उभे राहिले. “ही जुनी युक्ती हाय. भोसरीला आमाला जेवनाची पाकिटं वाटली व्हती, एकानं हात लावला न्हाई!”

“बरोबर आहे, आबा,” दादासाहेब म्हणाले आणि मनगट पुढं केलं. “पन आतून दबाव टाकलेला जास्त बसतो. मी बोलनीला जातो, तुमी गेट सांभाळा.”

त्यानंतर जे झालं त्याला फार वेळ लागला नाही. ज्या बाईंना आपण मालक आहोत हे कुणाच्या तरी डोक्यात घालायचं होतं, त्या दोन्ही मुलांना घेऊन पळतच गेल्या. कुणी “फक्त मुलांसाठी” म्हणत गेलं, कुणी काहीच न म्हणता. पुनम लेकीला घेऊन गेटाच्या आत पोचली आणि तिथून हात करू लागली. समाधान सतरंजीच्या कडेला उभा होता, धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

“जा,” धर्माजी म्हणाले.

“अर्ध्या तासात येतो, आबा.”

“जा म्हनलं ना.”

तो गेला. गेटासमोर नारिंगी रंग उरला नाही. धर्माजी सतरंजीवर टेकले आणि तानाबाईंना म्हणाले, “बगितलंस? ह्यांच्या जिवावर लढायचं व्हतं.”

तानाबाई उठत होत्या. गुडघ्यावर हात देऊन त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी विजयश्रींपुढं मनगट धरलं. “बांध गं बाई.”

“अगं ए!”

“अवं, उभा जलम तुमच्यासंगं गेटाच्या भाईर बसले. भोसरीला बसले, चिंचवडला बसले. आत काय असतं ते एकदा बगू द्या की मला.”

तानाबाई बांगड्यांवर पिवळी पट्टी मिरवत हळूहळू आत गेल्या, आणि वळूनही पाहिलं नाही.

ते एकटे बसून राहिले. किसन नावाचा वॉचमन दोनदा खुर्ची घेऊन आला, त्यांनी दोनदा परत पाठवली. एकदा त्यांनी एकट्यानंच घोषणा दिली. रांगेतले लोक वळून बघू लागले, एकानं मोबाइल काढला. मग त्यांनी घोषणा दिली नाही. आतून किंचाळ्या ऐकू येत होत्या, वरून उलटं फिरणाऱ्या पाळण्यातून नारिंगी टी-शर्ट दिसत होते, आणि त्यातला एक दादासाहेबांसारखा जाड होता. बोलणी कुठं चालली होती, हे धर्माजींना बसल्या जागी कळलं.

ऊन कलल्यावर सगळे बाहेर आले, ओल्या केसांनी. दादासाहेबांनी जाहीर केलं, “जिंकलो! दहा टक्के सवलत मान्य! सोमवार ते गुरुवार, सुट्ट्या सोडून!”

टाळ्या पडल्या. धर्माजींना वाटलं, आता तरी कुणी विचारेल, की सोमवार ते गुरुवार आपल्यातला येणार कोण आहे. सगळे नोकरीला, सगळ्यांची पोरं शाळेत. कुणी विचारलं नाही. कुठून तरी एक हार आला आणि त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो तिथंच काढून सिमेंटच्या हत्तीच्या सोंडेवर टाकला आणि गाडीत जाऊन बसले.

घरापर्यंत ते बोलले नाहीत. तानाबाई मात्र बोलत होत्या. लाट कशी येते, कमरेपर्यंत कशी उचलते, लुगडं भिजलं तेव्हा एका अनोळखी पोरीनं हात कसा धरला. पदरातून अजून पाणी निथळत होतं.

आठ-दहा दिवस धर्माजींनी सगळ्यांना नावं ठेवली. दादासाहेबांना, समाधानला, टी-शर्ट छापणाऱ्याला. मग एका सोमवारी रात्री जेवताना तानाबाई म्हणाल्या, “सवलत हाये म्हनं मालकाच्या आईबापास्नी बी. उद्याच्याला आपल्याला काय काम हाय?”

“मी त्या दारात पाय ठेवनार न्हाई.”

“मग मी एसटीनं एकली जाते.”

मंगळवारी दोघंही एसटीत होते. एवढ्या गुडघ्यांनी एकटी कशी जाईल, असं धर्माजींनी शेजाऱ्यांना सांगितलं. वाटेत त्यांनी बजावलं, “तू घे तुज्या लेकाची सवलत. मी पुरं तिकीट काडनार. उपकाराचं नको मला.”

तिकिटाच्या खिडकीवर गर्दी नव्हती. धर्माजींनी नोटा सरकवल्या. “एक पुरं. आन् एक त्या मालकाच्या सवलतीचं.”

आतल्या मुलीनं दोघांकडं पाहिलं. “आजोबा, साठीच्या वरच्यांना तिकीट निम्म्यातच आहे. कुणालाही. सवलतीचं काढलंत तर तुम्हाला महाग पडेल.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून. बोर्ड आहे ना तिकडं.”

धर्माजींनी मान वळवली. मोठ्या अक्षरांत बोर्ड होता. त्या रविवारी त्याच्यासमोरच सतरंजी अंथरली होती, त्याच्याकडं पाठ करून.

“कशाबद्दल देता निम्म्यात?” त्यांनी तरीही विचारलं.

“वय झालंय म्हणून.”

“वय काय मी कमावलं व्हय?”

तानाबाई मागून म्हणाल्या, “सकाळधरनं एसटीत निम्मं तिकीट काडून आलाय, तवा न्हाई कंडक्टरला इचारलंत. घ्या आता.”

धर्माजींनी दोन तिकिटं घेतली, उरलेल्या नोटा घडी करून खिशात ठेवल्या आणि त्या गेटातून पहिल्यांदा आत गेले. तानाबाई तलावाकडं निघाल्यासुद्धा. धर्माजी एका बाकावर बसले आणि त्यांनी समाधानला फोन लावला. निम्म्या तिकिटाचं सांगितलं.

“आबा,” समाधान म्हणाला, “हे ग्रुपमध्ये कुणाला सांगू नका. लोक फार खूश आहेत.”

“न्हाई सांगत,” धर्माजी म्हणाले. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि दादासाहेबांचा नंबर शोधू लागले.