वाहतं पाणी

"बाबा, या तळ्यात काय टाकलंत तुम्ही?"

"काहून ओरडून राहिली? निर्माल्य सोडलं," बाबा म्हणाले. "पाचही पिशव्या."

मी कपाळावर हात मारला. ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडून आले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला ही छोटी जपानी बाग आहे. फ्रीमाँटच्या या भागातल्या जुन्या जपानी कुटुंबांनी मिळून केलेली. एक दगडी दिवा, चार मेपल, एवढासा धबधबा. इथे कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. आज धबधबा कोरडा होता, पंप बंद पडला होता आणि तळ्यातले केशरी मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. बाग सांभाळणाऱ्या मिसेस ओकादा काठावर उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनीच मला फोन केला होता. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या नुसत्या माशांकडे बघत होत्या.

आई जाऊन तीन वर्षं झाली. नागपूरहून माझ्याकडे आल्यापासून बाबा रोज सकाळी कुंडीतला झेंडू तिच्या फोटोला वाहतात आणि आदल्या दिवसाची फुलं पिशवीत भरतात. कचऱ्यात टाकू देत नाहीत. गराजमध्ये पिशव्या साठल्या, चिलटं झाली, माझ्या नाकी नऊ आले. परवा मी म्हणाले, "शुक्रवारी ट्रक येईल, त्यात सगळं टाकणार आहे मी." बाबा कुंडीला पाणी घालत राहिले. मला वाटलं, पटलं.

"वाहतं पाणी पाहूनच सोडलं ना," बाबा म्हणाले.

"कुठलं वाहतं? तेच पाणी पंपाने वर चढवतात. तो काय, त्या झुडपामागे!"

"पंप आहे?" त्यांचा चेहरा एकदम उतरला.

तेहतीस वर्षं बाबा पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. मी लहान असताना पंपहाउसवरून जाताना स्कूटर थांबवून म्हणायचे, "तीन नंबरचं बेअरिंग गेलं." आत पाऊलही न टाकता. त्या माणसाला दहा पावलांवरचा पंप ऐकू आला नाही. कानातलं मशीन मी कधीच आणून दिलंय. ते ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि त्यावरून आमचं रोज वाजतं. "मला सगळं ऐकू येतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"मेकॅनिक सोमवारी येईल," मिसेस ओकादा इंग्रजीत म्हणाल्या.

मी ते बाबांना जोरात सांगितलं.

"सोमवारपर्यंत मासे राहतील का? मेन स्विच बंद कर म्हणावं."

"बाबा, प्लीज! आता आणखी काही बिघडवू नका."

बाबांनी लक्षच दिलं नाही, स्वतःच जाऊन स्विच बंद केला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात बसले आणि पंपाचं झाकण फिरवून काढलं. आतली जाळी झेंडूने गच्च भरली होती. ते एकेक मूठ काढून रुमालावर ठेवत गेले. बराचसा लगदाच होता, पण काही फुलं अजून अख्खी होती. ती त्यांनी वेगळी ठेवली. ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की या फुलांचं काय करायचं.

"कोणाची फुलं?" मिसेस ओकादांनी विचारलं.

"माझ्या आईची."

त्या जाऊन खुरपं घेऊन आल्या. कॅमेलियाच्या झाडाखालची माती दाखवत म्हणाल्या, "गळलेली फुलं आम्ही इथेच पुरतो." मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, स्वतःच खड्डा केला, रुमाल रिकामा केला आणि वरून माती सारखी केली.

मग जाळी बसवली, झाकण घट्ट केलं आणि मला स्विच लावायला सांगितलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग दगडावरून पाणी उतरलं आणि सगळी बाग त्या आवाजाने भरली. बाबांची धबधब्याकडे पाठ होती. पंपावर तळवा ठेवून ते माझ्याकडे बघत होते.

"रेणू, चढलं का पाणी?"

"चढलं."

"आवाज कसा येऊन राहिला?"

मी त्यांच्या शेजारी चिखलात बसले. आयुष्यात पहिल्यांदा पंपाचा आवाज नीट ऐकला.

"एकसारखा आहे, बाबा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पण पंपावरचा हात काढला नाही.