घासून चकचकीत केलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. चहाची नव्हे, कॉफीची. आणि घरातली नव्हे, चर्चच्या तळघरातली. माझ्या पोटात रविवारच्या अख्ख्या मंडळीला पुरेल एवढी कॉफी मावते. अंगावर पांढरं इनॅमल आहे, काठाला निळी रेघ आहे आणि बुडाशी एक टवका उडालेला आहे. तो कुणी उडवला हे मला ठाऊक आहे, पण ते गृहस्थ आता हयात नाहीत, तेव्हा जाऊ द्या.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. भट्टी, पुन्हा भट्टी, आणि मग गवत भरलेलं खोकं. आयडाहोतल्या बिटर क्रीक गावात मला आणलं ते तोमिना औने नावाच्या बाईने. ती नॉर्वेहून आलेल्या लुथरन पंथाच्या लोकांपैकी. तिच्या महिला मंडळाने बटाट्याच्या पातळ पोळ्या करून विकल्या आणि त्यातून मला घेतलं. बाकीच्या बायकांना पडदे हवे होते. तोमिनाने ऐकलं नाही.

बिटर क्रीकला कागदोपत्री शहर म्हणतात. मुख्य रस्त्याच्या एका टोकाला आम्ही लुथरन, दुसऱ्या टोकाला मॉर्मन, मध्ये कॅथलिकांचं चर्च आणि एक जुनं नाट्यगृह. नाट्यगृहात उन्हाळ्यात नाटकं होतात आणि हिवाळ्यात कबुतरं राहतात. स्वर्गात नक्की कोण जाणार याबद्दल या मंडळींचं एकमत नाही. पण नाताळच्या आधी सगळे पंथ मिळून गाण्याचा कार्यक्रम करतात. उंच आवाज मॉर्मनांकडे आहेत, जाड आवाज लुथरनांकडे आणि ऑर्गन वाजवणारा कॅथलिकांकडे, त्यामुळे एकमेकांवाचून कुणाचं चालत नाही.

आमची कॉफी अंड्याची असते. तोंड वाकडं करू नका. कॉफीच्या भुकटीत अंडं फोडायचं, टरफलही चुरडून घालायचं, कालवायचं आणि तो चिखल उकळत्या पाण्यात सोडायचा. उकळी आली की वरून गार पाण्याचा हबका मारायचा. सगळा गाळ अंड्याला धरून तळाशी बसतो आणि वर मधासारखी स्वच्छ कॉफी राहते. मग मला नुसत्या पाण्याने विसळून पालथी घालायची. साबण लावायचा नाही, हा तोमिनाचा नियम. वर्षांमागून वर्षं गेली आणि माझ्या आतून तपकिरी थर चढत गेला. कॉफीची खरी चव त्या थरात आहे, असं ती म्हणायची. लग्नं, दफनं, बारशी, सगळ्यांना माझीच कॉफी. लोक पेला तोंडाला लावून म्हणायचे, "वाईट नाही." आमच्या लोकांत याहून मोठी स्तुती नाही.

तोमिना गेली. तिच्या मुलीने, बोर्गहिल्डने, माझा ताबा घेतला. बोर्गहिल्ड कमी बोलायची आणि जाड आवाजात गायची. नाताळच्या गाण्यात तिच्या शेजारी दरवर्षी लारू क्रिस्टेन्सन उभी राहायची. लारू मॉर्मन. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. लारू बोलायला लागली की थांबायची नाही, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

एका वर्षी शेवटचा सराव मॉर्मनांच्या सभागृहात होता आणि नेमकं त्यांचं कोकोचं मोठं भांडं गळायला लागलं. लारू आमच्या तळघरात आली.

"अगं, तुझी ती किटली दे ना एक दिवस. पोरांना कोको द्यायचाय. पातेल्यातून वाढत बसले तर नाताळ उजाडेल."

"ती कुठं जात नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. मग बराच वेळ बटाटे सोलत राहिली. "बरं, ने. तू आहेस म्हणून."

लारूने मला घरी नेलं, झाकण उघडलं आणि आत डोकावली.

"अरे देवा! ही बाई यातून लोकांना पाजते?"

तिला दोन काळज्या पडल्या. एक म्हणजे, पोरांच्या कोकोला कॉफीची चव लागली तर देवाला काय सांगायचं? आणि दुसरी, बिचाऱ्या बोर्गहिल्डला घासायला सवडच मिळत नसेल. तिने बाह्या सरसावल्या. सोडा आणला, व्हिनेगर आणलं, तारेची घासणी आणली. मनापासून घासलं हो तिने. बोटं सोलवटली तरी थांबली नाही. मला दुखलं का, असं विचाराल. किटलीला दुखत नाही. पण हलकं वाटलं, आणि ते हलकेपण मला आवडलं नाही.

कोको उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी माझ्या कानाला लाल रिबीन बांधून लारूने मला परत आणलं. बोर्गहिल्डने झाकण उचललं. आत ती स्वतःलाच दिसली.

"कशी आहे?" लारू हसून म्हणाली. "ओळखलीस तरी का?"

"वेगळीच आहे," बोर्गहिल्ड म्हणाली.

आमच्या लोकांत याहून मोठी शिवी नाही. लारूला ते कळलं नाही. ती "काही नको गं, आभार कसले" म्हणत निघून गेली. बोर्गहिल्डने रिबीन सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि मला सगळ्यात वरच्या फळीवर, नाताळच्या देखाव्यातल्या मेंढ्यांच्या मागे ठेवून दिलं. त्या वर्षी ती गायला गेली नाही. घसा बसलाय, असा निरोप पाठवला. लारूच्या शेजारची जागा रिकामी राहिली. खाली विजेवरचं भांडं आलं आणि मंडळी त्याची कॉफी पिऊ लागली. ती कशी आहे, याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही.

बर्फ वितळलं तरी घसा उघडेना. रस्त्यात भेटली की बोर्गहिल्ड मान हलवून पुढे जायची. शेवटी लारूने बोर्गहिल्डच्या नवऱ्याला, आर्विडला, खिळ्यांच्या दुकानात गाठलं. हे मी नंतर लारूच्याच तोंडून ऐकलं, एकदा नव्हे, अनेकदा.

"आर्विड, खरं सांगा. माझं काय चुकलं?"

आर्विडने हातातले खिळे खाली ठेवले. "किटली घासलीत तुम्ही."

"मग? घाण होती ती!"

"घाण नव्हती हो. तिची आई होती ती."

त्या शनिवारी तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. लारू आली होती, हातात स्वतःच्या कोंबड्यांची अंडी. पहिल्यांदाच ती गप्प होती. बोर्गहिल्ड बटाटे सोलत होती, तिने वर पाहिलं नाही.

"किटली कुठंय?" लारूने विचारलं.

"वर. चकचकीत."

"खाली काढ. मला शिकव."

"तुला काय शिकवू? तुला तर चहासुद्धा चालत नाही."

"प्यायला चालत नाही. उकळायला चालतं की नाही, ते मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही." तिने अंडी टेबलावर ठेवली. "अगं, मला माहीत नव्हतं गं. तुझी आई मला फार आवडायची."

बोर्गहिल्डने सुरी खाली ठेवली, डोळे पुसले आणि स्टूल ओढलं.

तेव्हापासून दर शनिवारी लारू यायची. अंडं फोडायची, टरफल चुरडायची, नाक मुरडायची आणि पाण्याचा हबका मारायची. चाखता येत नसे, म्हणून वासावरून शिकली. रविवारी मंडळी ती कॉफी गरम करून पीत आणि पेल्यात बघत म्हणत, "वेगळीच आहे." लारूला आता त्याचा अर्थ कळत होता. ती पुन्हा शनिवारी यायची. तिच्या चर्चमध्ये शेजारणीने विचारलं, "लारू, तुझ्या कोटाला कसला वास येतो गं?"

"लुथरनांचा," लारू म्हणाली.

माझ्या आत हळूहळू रंग धरू लागला. आधी मळकट, मग पिवळट, मग फिका तपकिरी. थंडी पडली, नाताळच्या गाण्याचे सराव जवळ आले. एका शनिवारी लारूने पेला भरून बोर्गहिल्डच्या पुढे ठेवला आणि पदरी पडेल ते ऐकायला उभी राहिली. बोर्गहिल्डने एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"आईसारखी नाही," ती म्हणाली.

लारूचा चेहरा पडला.

"वाईट नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. तिने खुंटीवरचा कोट काढला. "चल. सरावाला उशीर होईल."

लारू सवयीने मला विसळायला वळली आणि तिचा हात साबणाकडे गेला. बोर्गहिल्डने त्यावर चापट मारली, तेव्हा दोघी इतक्या हसल्या की कोट घालायलाही त्यांना वेळ लागला. त्या वर्षी त्या शेजारीशेजारी उभ्या राहून गायल्या. मी तळघरात पालथी होते, त्यामुळे गाणं कसं झालं हे मला सांगता येणार नाही.

आता दोघीही थकल्या आहेत, आणि माझ्या आतला तपकिरी रंग पुन्हा दाट झाला आहे. त्यात तोमिना नाही. त्यात बोर्गहिल्ड आहे आणि जिने कॉफीचा थेंबही कधी चाखला नाही अशी लारू आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, घासा, चमकवा. मी तसं सांगणार नाही. दुसऱ्याचं भांडं घासायला घेण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि घासून झालंच असेल, तर शनिवारी अंडी घेऊन या.