हजेरीप्रमाणे बिल

घरात नसलेल्या माणसाने लाईटचं बिल का भरायचं, हा प्रश्न मुळात इफ्फतचा. ती रत्नागिरीत एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट होती. दर पंधरवड्याला जयगडची फेरीबोट पकडून अंजनवेलला घरी जायची आणि दोन-तीन दिवसांनी सुकी मच्छी घेऊन परतायची. परतल्यावर बिल समोर आलं की कुरकुरायची.

उत्तर स्नेहलने काढलं. नाचणे रोडवरचा तो ब्लॉक तिघींनी मिळून भाड्याने घेतला होता. भाडं तिघींत समान ठेवायचं. लाईट, पाणी, गॅस आणि किराणा मात्र हजेरीप्रमाणे. जी रात्री घरी झोपेल तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपल्या नावाची खूण करायची. महिनाअखेरीला एकूण खर्चाला एकूण खुणांनी भागायचं आणि जिच्या तिच्या खुणांनी गुणायचं. स्नेहल पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, तिला हे सोपं होतं. तिसरी तूबा. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायची, तिघींत वयाने मोठी आणि पैशाच्या बाबतीत कडक. तिने आकडेमोड वरून खाली वाचली आणि म्हणाली, "चालेल. भांडण नको."

वर्षभर भांडण झालं नाही. मग फेब्रुवारीपासून स्नेहलचा पगार थांबला.

ज्या एजन्सीमार्फत ती कंत्राटावर लागली होती, ती म्हणे वरून पैसे आले की देऊ. भाड्यासाठी तिने पोस्टातली आरडी मोडली. बाकी खर्च कमी करायचा तर तो हजेरीतूनच होणार होता. लांज्याला तिची कमलाआते राहायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. जायचं-यायचं भाडं धरूनसुद्धा आतेकडची एक रात्र घरच्या रात्रीपेक्षा स्वस्त पडत होती. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आणि एप्रिलमध्ये ती प्रयोगशाळेतून सुटली की बहुतेक रोज थेट स्टँडवर जाऊ लागली.

घरीच झोपून खूण न करणंही शक्य होतं. तसा विचार तिच्या मनात एकदा येऊन गेला, आणि तो आला याचाच तिला राग आला.

अडचण सकाळची होती. हायवेच्या कामात गाडी कुठेही अडकायची. इनक्युबेटरमधल्या प्लेट्स ठरल्या वेळी वाचाव्या लागतात. उशीर झाला की त्यांवरच्या जंतूंच्या वसाहती एकमेकींत मिसळतात आणि नमुना वाया जातो. दोनदा तसं झालं. तिचे वरिष्ठ राजेंद्रसर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "स्नेहल, जूनमध्ये कंत्राटं पुन्हा होतायत. माझ्याकडून फक्त हजेरी आणि कामाचा रिपोर्ट जातो. मला खोटं लिहायला लावू नकोस." रत्नागिरीतली कॉट, म्हणजे राहायची जागा, हातात असली तर नोकरी राहील, आणि नोकरी राहिली तर कधीतरी पगार होईल, एवढं तिला कळत होतं. सगळं फक्त पगारापर्यंत ओढायचं होतं.

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी तिघी हिशोबाला बसल्या. इफ्फत मांडीवर ताट घेऊन लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. तूबाने चष्मा लावून एप्रिलचं पान पाहिलं.

"स्नेहल, तुझ्या खुणा शोधाव्या लागतायत."

"आतेकडे होते."

"हिचं आतेकडे काहीतरी शिजतंय," इफ्फत म्हणाली. "मुलगा दाखवतायत का गो? एसटीत कंडक्टर तर नाही ना? मग अर्धं तिकीटही वाचेल."

स्नेहल हसायचं तेवढं हसली. तूबा हसली नाही.

"तू लांज्याला गेलीस म्हणून फ्रीज बंद राहतो का? पाण्याची मोटर थांबते? तुझ्या वाटचं सगळं आम्हां दोघींच्या अंगावर आलंय. माझे तास संपले गो. कॉलेज उघडेपर्यंत मला एक रुपया नाही."

फ्रीजचं स्नेहलच्याही लक्षात आलं होतं, पण उशिरा.

"हे बघ," तूबाने चष्मा काढला. "माझी मावसबहीण मरियम जूनमध्ये नर्सिंगला इथे येतेय. तिला कॉट पाहिजे. आज संध्याकाळी मावशीचा फोन यायचाय. तू इथे राहतच नसशील तर तसं सांग. मला राग नाही. पण आज सांग."

एकच वाक्य सांगायचं होतं, आणि तेच तिच्या तोंडातून निघत नव्हतं. कॉलेजची सगळी वर्षं ती हेच बोलत आली होती. स्कॉलरशिप जमा व्हायचीय. हॉस्टेलच्या खिडकीपाशी, मेसच्या मॅनेजरसमोर, परीक्षेचा फॉर्म भरताना. ऐकणारा बहुधा चांगलाच माणूस असायचा, "बरं, थांब जरा बाजूला" म्हणायचा, आणि ती रांगेतून बाजूला उभी राहायची. नोकरी लागली त्या दिवशी तिला सर्वांत जास्त आनंद याचा झाला होता की आता बाजूला उभं राहणं संपलं.

"सूत्र चुकलंय," ती म्हणाली. "फ्रीज, मोटर, मीटरचा स्थिर आकार, हे कोणी असो नसो, चालूच असतं. ते भाड्यासारखं समान वाटायला हवं होतं. मी सगळंच हजेरीत घातलं. मागच्या तीन महिन्यांचं मी नव्याने काढून देते."

"मी सूत्राचं विचारत नाहीये. तू राहणार आहेस की नाही?"

"राहायचंय."

"मग राहत का नाहीस?"

इफ्फतची सुरी थांबली होती.

"पगार नाही झाला," स्नेहल म्हणाली.

"एप्रिलचा?"

"फेब्रुवारीपासूनचा."

"आणि भाडं कुठून दिलंस?"

"आरडी होती."

इफ्फतने ताट खाली ठेवलं. "थांब. म्हणजे पैसे वाचवायला तू रोज दोन वेळा एसटीत बसतेस?"

"हिशोबात बसतं ते."

इफ्फतला हसू आलं आणि अर्ध्यावर गेलं. हात पुसत ती म्हणाली, "मी भरते तुझं. झाला पगार की दे."

"नको."

ते इतकं पटकन आलं की इफ्फत चपापली. कैरीचा आंबट वास खोलीभर होता. तूबाने चष्मा मिटून ठेवला.

"आमच्या दाभोळच्या घरात," ती म्हणाली, "अम्मी आणि दोघी चाच्या एका स्वयंपाकघरात होत्या. अब्बा आणि दोघे चाचा बोटीवर. तिघांच्या बोटी वेगळ्या, कंपन्या वेगळ्या. एकाचे पैसे यायचे तेव्हा दुसऱ्याचे अडकलेले. ज्याचे आले त्याच्यावर घर चालायचं. एखादीच्या नवऱ्याची बोट आली नाही म्हणून तिच्या पोरांच्या ताटात कमी वाढलं, असं नाही."

"ती नात्यातली माणसं होती."

"नात्यातली होती म्हणून तर भांडायची. धाकटी चाची एकदा साखरेवरून अशी बिनसली की कितीतरी दिवस अम्मीशी बोलत नव्हती. चहा मात्र त्याच साखरेचा प्यायची." तूबाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "एक गोष्ट मात्र कोणी करायची नाही. नवऱ्याचे पैसे आले नाहीत म्हणून माहेरी जाऊन जेवायचं नाही. आजी चालू द्यायची नाही. ती म्हणायची, तू तिकडे जेवलीस तर लोक म्हणतील या घरात अन्न नाही."

"आते काही कोणाला सांगत नाही," स्नेहल म्हणाली.

"आतेचं नाही गो. आमच्याबद्दल बोलतेय मी. आम्ही दोघी इथे बिरयानी खात होतो, आणि तू हायवेवर अडकलेल्या गाडीत."

"बिरयानी एकदाच केली," इफ्फत म्हणाली. "आणि तीही खारट."

"तुझी बोट अजून आली नाही, एवढंच झालंय," तूबा म्हणाली. "माझीही आता नाही. जुलैपर्यंत."

"म्हणजे तुम्ही दोघी दर्यावर आणि मी एकटी किनाऱ्यावर? मला तो मेडिकलवाला काय देतो ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझे थोडे शिल्लक आहेत, त्यातून भाड्याचं बघू. महिनाभर मटण बंद. तुझी ती ऑनलाईन मागवामागव बंद."

"ती सुरूच कधी होती," इफ्फत पुटपुटली, आणि पुन्हा कैरी हातात घेतली. पण तिने नाही म्हटलं नाही.

स्नेहलने पेन उचललं. "माझ्याकडे किती निघतात ते मी लिहून ठेवते."

"ठेव. अम्मी लिहायची नाही, पण तुला लिहिल्याशिवाय झोप यायची नाही."

संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा तूबा गॅलरीत गेली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. नाही मावशी, कॉट रिकामी नाही. हो, राहते ती, इथेच राहते. मग बराच वेळ मावशीच बोलत असावी. शेवटी तूबा म्हणाली, मरियमला बाहेरच्या खोलीत गादीवर चालेल का विचार, मालकाशी मी बोलते. आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मावशी आता पुढच्या दोन ईदपर्यंत बोलून दाखवणार," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. तिने हे आपल्यासाठी अंगावर घेतलं, हे स्नेहलला दिसलं. आभार मानले असते तर तूबा चिडली असती, म्हणून तिने नुसते कप काढून दिले.

मग तिने आतेला फोन लावला.

"आज येत नाही आते."

"अगो, कुळथाची पिठी ठेवलीय तुझ्यासाठी. उद्या?"

"उद्याही नाही. आता इथेच राहते. सकाळी उशीर होतो कामाला."

"पगार झाला का, एवढं सांग."

स्नेहलने तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"रोज संध्याकाळी माणूस आतेच्या मायेने येत नाही गो. झाला का?"

"नाही झाला."

"मग खातेस काय?"

"इथलंच. सगळ्या खातायत ते."

"बरं," आते म्हणाली. मागे तिचा मिक्सर गिरण चालल्यासारखा घरघरत होता. "पुढच्या रविवारी ये. येताना रिकामी पिशवी आण, घरचे तांदूळ देते. त्या पोरींनाही पुरतील एवढे."

म्हणजे किती, असं विचारायला स्नेहलने तोंड उघडलं. मग म्हणाली, "आणते."