जबड्याचे तुकडे

संस्थेत तिला सगळे कवटीबाई म्हणत. आदिमानवांच्या कवट्यांचे आतून साचे घ्यायचे आणि मेंदू कुठे, कसा वाढत गेला ते बघायचं, हे तिचं काम. माणसाचं डोकं एवढं का वाढलं, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "हत्यारांपेक्षा शेजाऱ्यांपायी. कुणाच्या मनात काय शिजतंय, ते ओळखायला मेंदू लागतो बाबा."

त्या सकाळी ती खोलीत शिरली आणि चाललेलं बोलणं तुटलं. छायाचित्रकार स्वच्छच असलेली भिंगं पुसू लागला. चित्रकार ताईंनी नजर चुकवली. विभागप्रमुख सरांचं दार बंद. आपली उचलबांगडी तर ठरली नाही, असं कवटीबाईला वाटलं. तिनं साचा ओतला, तो बिघडला. पुन्हा ओतला, पुन्हा बिघडला. बाहेर कुणी हसलं, तेही तिला आपल्यावरच वाटलं. डबा उघडलासुद्धा नाही.

शेवटी तिनं ताईंना जिन्यात गाठलं. "मला काढणार आहेत का?"

"तुला कशाला काढतील गं?" ताई खाली बघत म्हणाल्या. "सरांच्या हातून तो म्हातारा जबडा पडून फुटला. त्यांचा उजवा हात हल्ली धड चालत नाही. आम्ही सांभाळून घेत होतो. तू पडलीस फटकळ, म्हणून तुला सांगितलं नाही."

एका म्हाताऱ्या आदिमानवाचा तो जबडा म्हणजे तिचा जीव की प्राण. दात पडून गेलेले, त्यांच्या जागा हाडानं भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही या म्हाताऱ्याला कुणीतरी मऊ करून भरवत होतं, असं ती सांगायची. तिच्या अंगाची लाही झाली. ती थेट सरांच्या खोलीत घुसली.

सर डाव्या हातानं तुकडे जुळवत बसले होते. उजवा मांडीवर नुसता पडला होता.

"रोज ठरवत होतो तुम्हाला सांगायचं," ते म्हणाले. "धीर होत नव्हता."

तिनं त्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"तुकड्यांचं मी बघते. तुम्ही उठा. डॉक्टरांकडे जायचंय."

"उद्या जाऊ."

"आत्ता, सर."

मेंदूत गाठ निघाली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर हात बराचसा परत आला. जबड्याची गोष्ट संचालकांना सरांनी स्वतः सांगितली, तेव्हा कवटीबाई, ताई आणि छायाचित्रकार तिघंही त्यांच्या मागे उभी होती. ताईंशी मात्र कवटीबाई बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती.