लगेच दुरुस्त केले

त्या स्टोअरच्या मागच्या गोदामात एकतीस माणसं कामाला होती, आणि त्या सगळ्यांचे अपघात एकटी मास्तरीण घडवून आणायची. कागदावर, अर्थात.

कंपनी मोठी. कपड्यांपासून कुकरपर्यंत सगळं विकणारी, गावोगावी दुकानं असलेली. तिच्या मुख्य ऑफिसात कुणाच्या तरी डोक्यातून एक कार्ड निघालं. त्याच्यावर ठळक छापलं होतं, ‘थोडक्यात वाचलो’. कुणाचा पाय घसरता घसरता राहिला, डोक्यावर खोकं पडता पडता राहिलं, की ते कार्डावर लिहायचं. म्हणजे आज जे हुकलं ते उद्या नेमकं बसू नये, त्याआधीच बंदोबस्त व्हावा. विचार वाईट नव्हता. पण वर बसलेल्यांना विचार पुरत नाही, आकडा लागतो. माणशी महिन्याला दोन कार्डं म्हणजे दोन. कमी पडली की सकाळच्या मीटिंगमध्ये गोदामाचं नाव लाल अक्षरात पडद्यावर, आणि मग साहेबांचं तोंड दिवसभर एरंडेल प्यायल्यासारखं. आता एकतीस माणसांनी महिन्याला बासष्ट वेळा मरता मरता वाचायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

म्हणून मास्तरीण. ती कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेली नव्हती. अक्षर मोत्यासारखं, म्हणून नाव पडलं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून हात धुतले की कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मांडीवर घ्यायची. भोवती सगळे कोंडाळं करून बसायचे.

“तुझा पाय मागच्या महिन्यात घसरलाय,” ती एकाला म्हणायची, “आता तुझ्या डोक्यावर काहीतरी पाडते.”

“हलकं पाडा,” तो म्हणायचा. “टॉवेल वगैरे.”

“टॉवेलनं कोण मरतं? मिक्सर घे.”

हसून हसून पुरेवाट व्हायची. सह्याही तीच करायची. तीस जणांच्या सह्या तिला पाठ होत्या, स्वतःची एकतिसावी.

कार्डाच्या तळाशी एक रकाना होता, ‘काय उपाय केला?’ सुरुवातीला ती तो रिकामा सोडायची. मग एकदा साहेबांनी तिला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. म्हणाले, “उघडं कार्ड वर गेलं की वरून मला फोन येतो. मी काय काय म्हणून निस्तरू? बंद करून देत जा बाई.” तेव्हापासून ती प्रत्येक कार्डावर लिहायची, ‘लगेच दुरुस्त केले.’ तीन वर्षांत हाताला अशी सवय लागली की वरचं लिहून होईपर्यंत खालचं आपोआप उतरायचं. जे घडलंच नाही ते दुरुस्त केलं म्हणण्यात कुणाचं काय जातं? तिचं म्हणणं असं होतं, आणि कुणी ते खोडून काढलं नाही.

याच गोदामात तिची धाकटी जाऊ होती. मास्तरणीनंच साहेबांच्या हातापाया पडून दोन वर्षांपूर्वी तिला चिकटवली होती. घर एक, स्वयंपाकघर एक, त्यामुळे भांडायला विषय कमी नव्हते. ओला टॉवेल कुणी कुठे टाकला यावरून दोघींची दोन दोन दिवस तोंडं चालायची. पण घराबाहेरच्या जगाबद्दल धाकटीचा एकच कायदा होता, ताई म्हणाल्या म्हणजे झालं. बँकेचा फॉर्म असो की औषधाच्या बाटलीवरची सूचना, ताईंनी वाचून सांगितलं की ती पुन्हा बघायची नाही.

एका दुपारी मास्तरणीला करकर आवाज आला. धाकटी सातव्या गल्लीतली चाकांची शिडी ओढत चौथ्या गल्लीत आणत होती.

“अगं, चौथीत शिडी उभी आहे की डोळ्यांसमोर. ही कशाला ओढतेस? अंगात फार रग आहे का?”

“तिचा ब्रेक लागत नाही, ताई. खटका पायानं दाबला तरी चाकं फिरतात. मी नाही चढत तिच्यावर.” मग जरा हळू आवाजात म्हणाली, “कार्डावर घाला ना.”

मास्तरणीला बरंच वाटलं. महिनाअखेर होती, डोकं चालवून चालवून नाकी नऊ आले होते, आणि हा तयार विषय चालून आला. तिनं धाकटीच्या नावानं झोकात लिहिलं. गल्ली क्रमांक चार, चाकांची शिडी, खटका दाबूनही चाके थांबत नाहीत, वरचा माणूस मालासकट पडू शकतो. खाली हात आपोआप चालला, ‘लगेच दुरुस्त केले.’ आणि वाक्य लांडं दिसलं म्हणून तिनं पुढे जोडलं, ‘ब्रेक बदलला.’ धाकटीची सही ठोकली आणि पुढचं कार्ड घेतलं.

मुख्य ऑफिसला ते कार्ड फार आवडलं. आवडणारच, बासष्टांत तेवढं एकच खरं होतं. त्याला ‘महिन्याचं कार्ड’ म्हणून बक्षीस मिळालं, पाण्याची एक बाटली. साहेबांनी धाकटीच्या हातात ते कार्ड देऊन तिचा फोटो काढला आणि पिण्याच्या पाण्याच्या मशीनजवळ भिंतीवर चिकटवला. फोटोत धाकटी लाजून हसत होती. घरी ती बाटली तिनं कुणाला हात लावू दिली नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी ती चौथ्या गल्लीतल्या शिडीवरून पडली.

मास्तरीण पाचव्या गल्लीत होती. आधी चाकांचा आवाज, मग काचेच्या भांड्यांची खोकी फुटल्याचा, आणि मग काहीच नाही. हातातलं तिथंच टाकून ती धावत गेली तर धाकटी फरशीवर वाकडी पडलेली, उजवा हात अंगाखाली, आणि शिडी दहा पावलं पुढे जाऊन रॅकला टेकून उभी. मांडीचं हाड मोडलं होतं, उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पहिल्यासारखी नाही.

त्याच संध्याकाळी मिस्त्री येऊन शिडीचा ब्रेक बदलून गेला. इतके दिवस ज्याला वेळ नव्हता त्याला बरोबर वेळ मिळाला.

चौथ्या दिवशी मुख्य ऑफिसातून सुरक्षेच्या मॅडम आल्या. त्यांनी साहेबांच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. मास्तरणीला बोलावलं तेव्हा टेबलावर ते कार्ड होतं.

“तुमच्या जाऊबाईंनी स्वतः लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “ब्रेक बदलला. खाली त्यांची सही. म्हणजे शिडी चांगली होती. मग खटका न दाबताच चढल्या असणार. हा निष्काळजीपणा झाला, आणि निष्काळजीपणाला कंपनी जबाबदार नाही. नोकरीचंही मग कठीण आहे.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. मूग गिळून बसायचं कसं, हे त्यांच्याकडून शिकावं.

मास्तरणीनं रात्रंदिवस हाच विचार केला होता. खरं सांगितलं तर आपली नोकरी जाणार. घरात दोघी कमावत्या, एक तर खाटेवर आहे. पण जिला आपण इथे आणली तिच्यावर आपल्याच अक्षरानं खापर फुटतंय हे तिला बघवेना. ती म्हणाली, “हे तिनं लिहिलं नाही, मॅडम. मी लिहिलंय. सहीसुद्धा माझी. सगळ्यांची कार्डं मीच लिहिते.”

मॅडमना जराही धक्का बसला नाही. “ते आम्हाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं एकच अक्षर येतंय. आम्ही काय आंधळे आहोत?”

“मग बोलला का नाहीत?”

“आकडे पूर्ण होत होते.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आता बघा. कार्ड खरं धरलं तर ब्रेक बदललेला होता. कार्ड खोटं धरलं तर तुमची सगळीच कार्डं खोटी, आणि मग ब्रेक खराब होता हे तरी कुठे खरं? दुसरा कागद नाही. शिडी आज बघितली तर ब्रेक नवाकोरा आहे.”

“खराब होता. ती दर वेळी सातव्या गल्लीतून शिडी ओढत आणायची. सगळ्यांनी बघितलंय. विचारा कुणालाही.”

“विचारलं. सांगतात तसंच. पण मग मला एवढंच सांगा. जिला माहीत होतं की ब्रेक लागत नाही, जी त्या शिडीला हात लावत नव्हती, ती त्या दिवशी चढली का?”

तीन वर्षं एकतीस जणांच्या खोट्या घसरगुंड्या रचणाऱ्या बाईला एक खरं कारण सांगता येईना.

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “तुमच्या जाऊबाईंना विचारा. त्या काय सांगतील ते लिहून उद्या आणा. कारण पटण्यासारखं असेल तर मी अहवालात घालीन. मलाही कुणाची नोकरी घालवायची हौस नाही.”

संध्याकाळी ती कागद घेऊन दवाखान्यात गेली. सहा खाटांची खोली, धाकटी खिडकीजवळच्या खाटेवर. पायाला वजन बांधलेलं, उजवा हात प्लास्टरमध्ये. उशाशी ती बक्षिसाची बाटली. मास्तरीण स्टूल ओढून बसली. केबिनमधलं सगळं सांगितलं, फक्त कार्डाच्या तळाशी काय लिहिलं होतं तेवढं तोंडातून बाहेर पडेना. म्हणाली, “त्यांचं घोडं एकाच गोष्टीवर अडलंय. तुला माहीत होतं ब्रेक खराब आहे, मग तू चढलीस कशाला?”

धाकटीनं तिच्याकडे नवल केल्यासारखं बघितलं. “बदलला होता ना ब्रेक.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच की. कार्डावर.” धाकटी जरा उठायला गेली, कळ आली तशी परत टेकली. “फोटोच्या वेळी साहेबांनी ते हातात दिलं होतं. त्यांच्या मोबाईलचा कॅमेरा लवकर सुरू होईना, म्हणून मी आपली वाचत उभी राहिले. ब्रेक बदलला, असं लिहिलं होतं तुमच्या अक्षरात. म्हटलं, बरं झालं, आता लांबून ओढत आणायला नको. दुसऱ्या दिवसापासून तीच घ्यायला लागले. चार-पाचदा काही झालं नाही.”

मास्तरणीला तेव्हा आठवलं, तो करकर आवाज बंद झाला होता. ऐकू येईनासा झाला होता आणि तिला बरंच वाटलं होतं.

“खटका दाबला होता मी, ताई. शपथेवर सांगते.” आणि मग धाकटीनं विचारलं, अगदी साधेपणानं विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं बदलला म्हणून? साहेबांनी ना? मग त्यांना धरायचं.”

साहेबांचं नाव घेणं सोपं होतं. तोंडात आलंही होतं. मास्तरणीला स्वतःची अशी लाज वाटली की तिला मान वर करवेना.

“कुणीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी आपलं लिहिलं. सगळ्याच कार्डांवर लिहिते.”

ओल्या टॉवेलावरून दोन दोन दिवस तोंड चालवणारी धाकटी छताकडे बघत पडून राहिली. दोन शब्द सुनावले असते तर मास्तरणीला बरं वाटलं असतं.

मग धाकटी म्हणाली, “लिहा.”

“काय लिहू?”

“जे झालं ते. कार्डावर ब्रेक बदलला असं माझ्या जावेनं लिहिलं होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला. म्हणून चढले.”

“अगं, हे लिहिलं तर माझी नोकरी...”

“लिहा, ताई.”

मास्तरणीनं कागद मांडीवर घेतला. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं आलं, त्याला काही झालं नव्हतं. तीन ओळी झाल्या. खाली सहीची जागा आली तेव्हा पेन सवयीनं तिकडे वळलं, धाकटीच्या नावाचं पहिलं अक्षर निम्मं उमटलंही.

“थांबा,” धाकटी म्हणाली. “सही माझी मी करते.”

तिनं डावा हात पुढे केला आणि पेन काढून घेतलं. मास्तरणीला कागद धरून ठेवावा लागला.