एकशे छप्पन ठोके

चुलीवर चहा उकळत होता आणि प्रियांकाची वहिनी राजेश्री वाकळेवर उताणी पडून गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. तिच्या पाच महिन्यांच्या पोटावर प्रियांकानं स्वतः बनवलेला पट्टा बांधला होता. नांदेडला बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या या पोरीनं दोन वर्षं डोळे फोडून तो केला होता. दवाखाना लांब असलेल्या बाईला पोटातल्या बाळाचे ठोके घरीच ऐकू यावेत, काही बिघडलं तर वेळेत कळावं, एवढंच त्याचं काम. त्याच पट्ट्यासाठी हैदराबादच्या तरुण संशोधकांच्या परिषदेनं तिला बोलावलं होतं. जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा तेच देणार होते.

मोबाइलमधून धकधक सुरू झाली. राजेश्रीच्या दोन्ही पोरी टाळ्या पिटायला लागल्या.

डाळ पाखडायचं सूप घेऊन प्रियांकाची आई कस्तुराबाई दारात आल्या. "किती म्हनायलंय गं ते?"

"एकशे छप्पन. लय झकास हाय, आई!"

"म्हंजी घोड्यावानी पळायलंय." कस्तुराबाईंचा हात सुपातच थांबला. "घोडा पळाला की पोरगी, बैल चालला की पोरगा. आमच्या सासूबाई पोटाला कान लावून सांगायच्या."

प्रियांका खळखळून हसली. "काय बी बोलतीस! ठोक्यावरून काई कळत न्हाई. समद्याच लेकरांचे असे पळतेत."

आईही हसली, आणि प्रियांकाला वाटलं, विषय मिटला. शिकलेल्या माणसाची ही जुनीच खोड बघा. आपण हसलो की समोरच्याची अंधश्रद्धा मेली, अशी त्याची समजूत!

पुढचे तीन दिवस कस्तुराबाई रोज म्हणायच्या, "बांध की गं पट्टा." एकशे चोपन्न, एकशे अठ्ठावन्न, पुन्हा एकशे छप्पन. आजवर जिनं पोरीच्या पुस्तकाला हात लावला नाही, ती आई आता आकडा विचारते, म्हणून लेक हरखली. प्रत्येक आकडा मोठ्या हौसेनं सांगत राहिली.

निघायच्या दिवशी भाऊ हरिओम तिला पूर्णा स्टेशनला सोडायला मोटारसायकल काढत होता. राजेश्रीनं दारामागं तिचा हात घट्ट धरला.

"ताई, ह्या बारीला जाऊ नका. सासूबाई तुमाला लाडू बांधायल्यात, पन माझ्यासंगं तीन दिस झाले बोलत न्हाईत. मला लय भ्या वाटायलंय."

"अवो वहिनी, परवा तर येते मी! तुमच्याच बाळाचे ठोके ऐकवणार हाय तिथं."

हात सोडवून ती गेली. अरेरे, एक घटका थांबली असती तर!

परिषदेत तिनं ते ठोके मोठ्या स्पीकरवर लावले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पहिलं बक्षीस परभणी जिल्ह्यातल्या या पोरीला मिळालं. आणि वाचकहो, त्या वेळी ते ठोके या जगात फक्त त्या स्पीकरमध्ये उरले होते. सकाळीच हरिओमनं बायकोला दूरच्या एका गावात, ना पाटी ना पदवी अशा एका गर्भ पाडणाऱ्याच्या खोलीवर नेलं होतं. दुपारपर्यंत राजेश्रीचं रक्त थांबलं नाही, आणि थांबलं तेव्हा राजेश्रीही उरली नव्हती.

फोन आला तशी प्रियांका मिळेल त्या गाडीनं निघाली. सकाळी पोचली तर अंगणात राजेश्रीला हिरवं लुगडं नेसवून ठेवलेलं. कस्तुराबाई ऊर बडवत होत्या. लेकीच्या गळ्यात पडून त्यांनी हंबरडा फोडला. सुनेसाठी आईचं काळीज फाटलं, असं प्रियांकाला वाटलं.

"पोरगा व्हता गं! माझ्या हातानं दिवा इझला! तुझ्या मशीननं फशिवलं आमाला!"

"पोरगा व्हता म्हनं," बाया हळहळल्या. राजेश्रीचं नाव एकीच्याही तोंडी नव्हतं.

हरिओम जवळ आला, खालच्या आवाजात बोलला. "घराच्या माळवदावरून पडली म्हनून सांगायचं. त्या खोलीवाल्याचं नाव काढायचं न्हाई. आटपा लवकर."

प्रियांकानं मोबाइल काढला, साठवलेले ठोके लावले आणि आवाज वाढवला. धकधक, धकधक. बाया मागं सरल्या. फक्त राजेश्रीची धाकटी पोर धावत आली, "आईचं बाळ! आईचं बाळ!" म्हणत टाळ्या पिटायला लागली.

प्रियांकानं तिला कडेवर घेतलं, थोरलीचा हात धरला.

"कुटं निगालीस?" कस्तुराबाई ओरडल्या. "आईला जेलात घालतीस का?"

"हो," प्रियांका म्हणाली. "सरण पेटायच्या आत."

ठाण्यात हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढं ओढला. "नावं सांगा."

"कस्तुराबाई, माझी आई. हरिओम, माझा भाऊ. आणि त्या खोलीवाल्याचं नाव भावाला इचारा."

"अन् हे आकडे आईला कुणी दिले?"

"मी. वहिनीनं जाऊ नका म्हनलं, तरी गेले. घोडा पळाला की पोरगी असं आई बोलली, तवा मी हसले. ते बी लिहा."

"हसणं काय गुन्हा असतो का, ताई?"

धाकटी तिच्या खांद्यावर झोपली होती. प्रियांकानं तिला सावरलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"तुमी लिहा."