उतरंडीतलं खालून तिसरं गाडगं

सासू हरली तर चंदाबाईंचा फायदा किती, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. पण हिशेब सरळ होता: कोठीच्या किल्ल्या. म्हणजे तूप, गूळ, सुकामेवा, आणि पाहुणा आला की "थांबा, सासूजींना विचारते" म्हणण्यातून कायमची सुटका.

सासूला, म्हणजे सायरबाईंना, हे दिसत होतं. त्यांना भीती मात्र दुसरीच होती. त्यांच्या सासूला शेवटी शेवटी पोटच्या लेकाचं नाव आठवेना. तिचीही सुरुवात अशीच झालेली: कढीत दोनदा मीठ, आणि कमरेला किल्ल्या असून शोध घरभर. या महिन्यात सायरबाईंच्या हातून दोन्ही झालं. किल्ल्यांच्या वेळी चंदाबाई हसल्या, तेव्हा म्हातारी बोलून बसली, "आता एक चूक झाली की किल्ल्या तुझ्या."

अशात एका दुपारी केसरनं, त्यांच्या नातीनं, डाव मांडला. जाफराबादेत त्यांचं कापडाचं दुकान. माल जालन्यापर्यंत रेल्वेनं यायचा, पुढं बैलगाडीनं, आणि प्रत्येक ताग्यावर रंगीत चित्र डकवलेलं असायचं: मोर, हत्ती, आगगाडी, कमळातली लक्ष्मी. ती सोडवून केसरनं पुठ्ठ्यांवर चिकटवली होती, प्रत्येकाची जोडी. सगळे पुठ्ठे पालथे. दोन उलटायचे, जुळले तर आपले, नाहीतर पुन्हा पालथे, आणि कुठं काय होतं ते ध्यानात ठेवायचं.

"जिंकंल त्याला काय?" धाकट्या नातवानं विचारलं.

"गोड," सायरबाई म्हणाल्या, आणि मनात म्हणाल्या, काय तो निकाल आजच लागू दे.

लागला. मोर कडेला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उलटला तर हत्ती निघाला. शेवटी केसरपुढं ढीग, धाकट्यापुढं ढिगली, आणि दादीपुढं एकटी आगगाडीची जोडी.

"दादी, तू तर समदं इसरून राह्यली," केसर म्हणाली.

सायरबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. "असू द्या हो, घाई काय," म्हणता म्हणताच चंदाबाईंचा हात पुढं आलेला होता. जुडगा कमरेला खोवताच त्या उदार झाल्या. "सोपं तर आहे. बघा, मी दाखवते."

त्यांना आगगाडीसुद्धा मिळाली नाही.

तेवढ्यात जुगलकिशोर, सायरबाईंचा लेक, पाणी प्यायला आत आला. सासूदेखत नवरा समोर आला, म्हणून चंदाबाई पदर ओढून भिंतीकडं सरकल्या. हा गडी असा, की मुन्सफापुढं साक्षीला उभा राहिला तर वकिलानं उलटंसुलटं विचारूनही एक तारीख चुकायची नाही. डाव बघून तो हसला. "बिलकुल पोरखेळ. मांड जल्दी."

लक्ष्मी शोधता शोधता त्यानं तोच हत्ती पुन्हा पुन्हा उलटला.

"बापू, हा आत्ताच पाह्यला न्हाई का तुम्ही?" केसर म्हणाली.

"इथं उजेड कमी हाय," जुगलकिशोर म्हणाला.

सायरबाईंनी लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. छातीवरचं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. "तू हरतोस, मंग माझं काय बिघडलंय रे? पोरांच्या डोक्यात जागाच मोकळी. आपल्या डोक्यात सगळं घर भरलेलं." त्यांनी सुनेपुढं हात केला. "आण बिनणी, किल्ल्या."

"पण एक चूक झाली की, असं तुम्हीच..."

"एका चुकीचं बोलले होते. तू तर अख्खा डाव चुकलीस."

"आमचं गोड?" धाकटा म्हणाला.

"बिनणी, तुझ्या माहेरचा आवळ्याचा मुरब्बा काढ. उतरंडीत, खालून तिसरं गाडगं."

पदराआडून आवाज आला, "तुम्हांला कसं..."

"संक्रांतीला तू आधी तो दुसऱ्यात लपवायला गेलीस. त्या गाडग्याचं तोंड लहान पडलं, म्हणून तिसऱ्यात."

डाव केसरनं जिंकला. किल्ल्या जुन्या कमरेला परतल्या. जुगलकिशोर मुरब्ब्याला थांबला, पण ज्यासाठी आला होता ते पाणी न पिताच दुकानात गेला. मुरब्बा सगळ्यांनी खाल्ला. उतरंड पुन्हा रचली ती एकट्या चंदाबाईंनी.